पेटकरांचं सुवर्ण म्युनिकचं नव्हे, हायडेलबर्गचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांग जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांच्याविषयी लिहिताना ‘१९७२, म्युनिक’ असं आजही छापलं जातं. त्यांचं पॅरालिम्पिकमधलं, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमधलं सुवर्ण जर्मनीतल्याच हायडेलबर्गचं आहे. म्युनिकच्या ऑलिम्पिकनगरीतल्या सदनिका स्पर्धा संपताच खासगी मालकांकडे जाणार होत्या. पॅरालिम्पिकला तिथे जागा मिळेना, म्हणून हायडेलबर्ग विद्यापीठ पुढे आलं. म्युनिकला ऑलिम्पिकची ज्योत पेटली, तेव्हा पेटकर जिंकून मोकळे झाले होते. ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं, याची खंत वाटते.

सैन्यातला हा मुष्टियोद्धा १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा पडला. १९६८ला तेल अवीवमध्ये तो टेबल टेनिस खेळला. हायडेलबर्गला पोहण्याबरोबर भालाफेक होती आणि स्लालमही, म्हणजे अडथळ्यांतून घड्याळ लावून चाकाची खुर्ची काढायची शर्यत. इतके खेळ एकाच माणसाने खेळणं तेव्हा जमत होतं, कारण त्या स्पर्धा मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्याच असत आणि हे खेळ मुळात उपचाराचा भाग होते. आता प्रत्येक खेळाचं, अपंगत्व किती त्यावरून ठरणारं वर्गीकरण स्वतंत्र आहे. जलतरणात एस१ ते एस१०, बसून फेकणाऱ्या अशा खेळाडूला एफ५१ ते एफ५७. एका खेळाचा वर्ग दुसऱ्यात चालत नाही. दिव्यांग मुलांच्या पालकांची धावपळ इथेच वाया जाते.

दुसरी अडचण खांद्याची. पोहायला, भाला फेकायला, बॅट फिरवायला आणि दिवसभर खुर्ची ढकलायलाही तेच दोन खांदे. म्हणून जोरदार फेक आणि वेगाचं पोहणं एका दिवशी ठेवू नये. पाठीकडे ओढण्याचे व्यायाम रबरी पट्ट्यावर नियमित हवेत, नाहीतर पुढचे स्नायू आखडून खांदा दुखू लागतो.

तलावाचंही तसंच. २५ मीटरच्या तलावात ५० मीटर पोहताना मध्ये वळावं लागतं. धडधाकट पोहणारा तिथे भिंतीला लाथ मारून वेग कमावतो. पाय लुळे असलेल्याचा वेग तिथेच तुटतो. तेव्हा अशा तलावातली वेळ पाहून मुलाला नाकारू नका, ५० मीटरच्या तलावात एकदा सरळ पोहू द्या.

सगळ्यात जास्त नुकसान काठावर होतं. खरखरीत फरशीवरून सरकताना कातडी सोलवटते, संवेदना नसल्याने कळत नाही, जखम चिघळते आणि पोहणं कित्येक आठवडे बंद पडतं. काठावर जाड फोमची चटई टाकावी, पोहून झाल्यावर अंग कोरडं करून नितंब आणि टाचा आरशात तपासाव्यात. पाणी फार गार असेल तर पाय ताठरतात, तेव्हा हिवाळ्यात सराव दुपारी घ्यावा.

चटई आणि दुपारची एक राखीव वेळ, एवढं तरी प्रत्येक महापालिकेने आपल्या तलावावर लगेच करावं.

आपले,
दिव्यांग जलतरणपटूंचे काही प्रशिक्षक, पुणे