पुलाखालची वाट मोकळी करणाऱ्यांचे आभार

राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, पेंचच्या जंगलातल्या महाराष्ट्राकडच्या टप्प्यात जनावरांसाठी रस्त्याखालून ९ वाटा आहेत. गाड्या वरून, जनावरं खालून. पण पूल बांधला की काम संपत नाही.

यंदाच्या पुरात एका लहान पुलाखाली फांद्या, प्लास्टिक आणि तारेचं भेंडोळं अडकलं. तोंडाशी माती खचून गुडघाभर पायरी पडली. अशा जागी चितळ बिचकतं, मागं फिरतं आणि थेट डांबरावर चढतं.

ज्या वनमजुरांनी आणि गावातल्या पोरांनी ही वाट मोकळी केली, त्यांनी नावं छापू नका म्हटलं. वनरक्षकाला सोबत घेऊन ऊन चढल्यावर काम सुरू केलं, दिवस कलायच्या आत आटोपलं; पहाट आणि सांज जनावरांची. आधी तार कापली, मग फांद्या ओढल्या. पायरीवर मोठे दगड बसवून वर मुरूम ठोकला, कारण नुसता मुरूम पहिल्याच सरीत वाहून जातो. तोंडाजवळची झुडपं मुद्दाम राखली. आडोसा असला तरच बुजरं जनावर आत शिरतं.

आणि तारेचा बारीकसा तुकडाही कुणाच्या खुरात जाऊ नये म्हणून त्यांनी सगळं गवत हातानं चाचपलं. बोटं सोलली, तरी कुणी उठलं नाही. भाऊहो, तुमचे मनापासून आभार.