घरचा नंबर आणि मसाल्याचा नंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं जेवण, तब्येत आणि ऊन यांतच संपून जातं, म्हणून हे सविस्तर लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून निवांत वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. विषय तुमचाच आहे: आमटीचा येसर, काळा मसाला आणि घरची तूरडाळ मोबाईलवरून विकायची कशी. त्यात आपली माणसं दुरावू नयेत, एवढी भर माझी.

आधी घरच्या ग्रुपचं बोलते, कारण माझं मन तिथेच अडकलंय. मागच्या महिन्यात त्यावर सकाळ-संध्याकाळ भावपत्रक पडत होतं. कुणी काही बोललं नाही. पण त्यातल्याच एका दिवशी उदगीरच्या आत्याने तिच्या गुडघ्याचा एक्स-रे टाकला होता. भावपत्रक आलं, त्याखाली दोन अंगठे आले, आणि आत्याचा एक्स-रे वर कुठेतरी निघून गेला. कुणी तिला विचारलंच नाही. मी रात्री तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, 'कामात असतील गं सगळे.' मला ते फार लागलं. आपल्या घरातली माणसं औशापासून हैदराबादपर्यंत पांगलीत, ती रोज भेटतात ती एवढ्याच जागी. तिथे विक्री नको, अगदी सणाची सूट असली तरी नको. मामींना येसर हवा असतो तेव्हा त्या मागतातच, मागच्या उन्हाळ्यात भावपत्रक नव्हतं तरी मागितलाच होता.

मग विकायचं कुठे? दुसरं सिम घ्या. व्हॉट्सॲप बिझनेस नावाचं वेगळं ॲप 2018 पासून आहे, फुकट आहे, आणि बाबांच्या फोनमध्ये नेहमीच्या व्हॉट्सॲपशेजारी दुसऱ्या सिमवर चालतं. त्यात प्रत्येक मालाचा फोटो, वजन आणि भाव एकदाच मांडून ठेवता येतो, म्हणजे कुणी भाव विचारला की दरवेळी लिहीत बसायला नको. कुणाचे पैसे आलेत, कुणाचं पार्सल जायचं राहिलंय, अशा खुणाही गिऱ्हाइकांच्या नावापुढे लावता येतात. दुकानाची वेळ लिहिता येते, ती नक्की लिहा. आई, रात्री नऊनंतर त्या नंबरवर उत्तर द्यायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तुझी पाठ दिवसभर चुलीपुढे वाकलेली असते.

मला त्यातली सगळ्यात पटलेली सोय म्हणजे ब्रॉडकास्ट यादी. एका यादीत 256 जणांपर्यंत नावं बसतात. निरोप एकदाच लिहायचा, तो प्रत्येकाला वेगवेगळा जातो आणि कुणाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. पण पोचतो फक्त त्यालाच, ज्याने आपला नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवलाय. पुष्कळ लोकांना ही अडचण वाटते. मला हा नियम फार रास्त वाटतो, कारण ज्याने आपल्याला दार उघडून ठेवलंय त्याच्याच घरी आपण जातो. म्हणून पाकिटावर नंबर ठळक छापू आणि खाली एक ओळ टाकू: 'नंबर सेव्ह करा, ताजा मसाला कांडला की कळवू.'

बाबा, आता तुमच्या विद्यार्थ्यांचं. निवृत्तीनंतर तुम्ही किती गप्प झाला होता, ते मी पाहिलंय. मग सातवीच्या जुन्या तुकडीतल्या कुणीतरी तुम्हाला फेसबुकवर शोधून काढलं आणि ग्रुप झाला. कुणी चाकणला कंपनीत, कुणी नांदेडला दवाखान्यात, कुणी गावातच शेती करतंय. आई सांगते, सकाळी चहाच्या आधी तुम्ही त्यांना उत्तरं लिहायला बसता, आणि त्यांच्या लेकरांची नावंसुद्धा तुम्हाला पाठ झालीत. मोबाईलने आपल्या घराला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या लेखी हीच आहे.

त्या ग्रुपवर मसाल्याचं सांगायला तुम्हाला संकोच वाटतो. 'मास्तर मसाला विकायलेत म्हणतील,' असं तुम्ही म्हणालात. विकण्यात कमीपणा कसलाच नाही, आईच्या हातचं कष्टाचं काम आहे ते. तरीही तुमचा संकोच मला बरोबर वाटतो, वेगळ्या कारणाने. गुरुजींनी 'घे' म्हटलं की पोरांना नाही म्हणवत नाही. समोरच्याला नाही म्हणता येत नसेल तर तिथे विकू नये. तेव्हा त्या ग्रुपमध्ये मसाल्याचं अक्षरही नको. तुमच्या स्टेटसला फोटो ठेवा. तो 24 तासांत आपोआप जातो, बघायचा तो बघतो, हवं असेल तो विचारतो. कुणी विचारलं तर मात्र भाव मोकळेपणाने सांगा, फुकट पाठवू नका. तुमची ती सवय आईच्या कष्टावर चालते.

दाखवायचं काय, हा खरा प्रश्न. लाल-पिवळ्या अक्षरांतली 'महाऑफर' कुणी वाचत नाही. येळवशीचा, वेळा अमावस्येला शेतात पूजा केली तेव्हाचा, तो व्हिडिओ आठवा. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, आई भज्जीच्या पातेल्यावरचं झाकण काढतेय, आंबिलीचा माठ, आणि बाबा 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत शेताला फेरी घालतायत. मी तो इन्स्टाग्रामवर टाकला तेव्हा त्यात विकण्याचा शब्द नव्हता. खाली आपल्याच भागातल्या, आता वाकड-हिंजवडीला राहणाऱ्या अनोळखी लोकांनी लिहिलं, यंदा सुट्टी मिळाली नाही, घरचे सगळे शेतात आणि आम्ही इथे. कुणी आंबील कशी करायची ते विचारलं. आणि त्यांच्यातल्याच काहींनी विचारलं, येसर मिळेल का? हे आपलं गिऱ्हाईक. येसराची आमटी कशाला म्हणतात ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीत ती वाढली नाही तर जेवण झालं असं त्यांना वाटतच नाही.

यामागे फेसबुकचं गणितही आहे. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी जाहीर केलं की दुकानं आणि कंपन्यांच्या पोस्टपेक्षा घरच्या माणसांच्या आणि मित्रांच्या पोस्ट लोकांना आधी दाखवणार. त्यामुळे नुसतं पेज काढून त्यावर पाकिटांचे फोटो टाकले तर ते फार थोड्यांना दिसतात. माणसं बोलू लागली, एकमेकांना उत्तरं देऊ लागली, की तीच पोस्ट पुढे जाते. तेव्हा खाली कुणी काही लिहिलं तर उत्तर द्या. बाबांचं शुद्ध, मोठं वाक्य असलं तरी चालेल, तेच लोकांना आवडतं.

फोटो सकाळच्या उन्हात अंगणात काढा. रंग गडद करणारं काही लावू नका. दगडफूल, धने, खोबरं भाजून कांडलेला मसाला काळपट तपकिरीच दिसला पाहिजे. आई, तुझा चेहरा दाखवायचा नसेल तर नको दाखवूस. खोबरं परतणारा हात पुरे. डाळीचं कामही दाखवा. तेल-पाणी लावून उन्हात वाळवलेली तूर, जात्यावरची भरड, सुपातली पाखडण, हे शहरातल्या लोकांनी पाहिलेलं नसतं. आपल्या डाळीला पॉलिश का नसतं, हे सांगायला मग शब्द लागत नाहीत.

आणि ते जे लातूरचे जाहिरातवाले आले होते, दहा हजार फॉलोअर लावून देतो म्हणणारे, त्यांना नाही सांगा. ती विकत आणलेली नावं असतात. ती कधी विचारणार नाहीत, मागवणार नाहीत, आणि चुकून कुणाची पोस्ट पाहिली तरी पुढे पाठवणार नाहीत. उलट बघणारे हजारो आणि बोलणारं कुणीच नाही, हे खऱ्या गिऱ्हाइकालाही दिसतं. त्यांची दुसरी सूचना तर मला मुळीच पसंत नाही. आपल्या डाळीवर 'बोरसुरी' लिहा म्हणे. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या शेतकऱ्यांचं आहे. आपलं शेत औसा तालुक्यात. 1999 च्या कायद्याने ते नाव असं उचलता येत नाही, आणि येत असतं तरी आपण उचलू नये. 'औसा तालुका, घरची तूर' एवढंच लिहू. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

पैशांच्या बाबतीत माझं जरा ऐका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. 'मी लष्करात आहे, वीस किलो मसाला हवाय, आधी हा क्यूआर कोड स्कॅन करा' असा फोन आला तर ठेवून द्या. स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पार्सल ट्रॅव्हल्सवाल्याकडे द्यायचं नाही, गोड बोलणारा असला तरी नाही. काही झालंच तर तासाभरात 1930 ला फोन करायचा, लाजायचं नाही, मला विचारत बसायचं नाही. व्हॉट्सॲपच्या दोन्ही नंबरना सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी मी लावून देईन. आई, छोटीचा शाळेच्या गणवेशातला फोटो फेसबुकवर सगळ्यांना दिसतोय, तो तेवढा काढ. घरच्या ग्रुपवर हवे तेवढे टाक.

एक गोष्ट बाबांना सांगायला जड जातंय, पण सांगते. तुम्ही पुढे पाठवता ते निरोप. अमुक पाल्याने साखर बरी होते, तमुक गावात मुलं पळवणारी टोळी आलीय. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून पाच माणसांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागायला आलेली, भटक्या समाजातली माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त जागी निरोप पुढे पाठवणं बंद केलं. गावात आजही लोक म्हणतात, गुरुजींनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार. याच भरवशावर ते तुमच्या घरची डाळ घेतात. म्हणून स्वतः खात्री केली नसेल ते एकालाही पाठवू नका. शंका आली तर मला पाठवा, मी तपासून सांगेन, दिवसाला कितीही पाठवा.

पाडव्याला मी येतेय, दादाही येतो म्हणालाय. तेव्हा अन्नसुरक्षेची नोंदणी उरकून टाकू. 14 अंकी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा, सोबत वजन, किंमत, घटक, पॅकिंगची तारीख आणि आपला पत्ता. तोवर आईने कुणाकडून नवीन मागणी घेऊ नये, आधीच्या पूर्ण होऊ देत. बाबा, तुम्ही लेबलावरचा मजकूर लिहून ठेवा, चार-पाच ओळींत, वहीत लिहिता तसा स्वच्छ. येसराची आमटी कशी करायची तेही त्यात बसवा, मापं आईला विचारून घ्या. ती 'अंदाजाने' म्हणेल, तर वाटी हातात देऊन मोजून घ्या.

तुमची लेक