मंत्रिमहोदय, आमची इमारत सड्यावर नाही, खाजणावर आहे

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

‘पंधरा दिवसांत प्रत मिळेल’ असा शब्द भर बैठकीत मिळाला होता. सात महिने हेलपाटे घातल्यावर आमच्या इमारतीचा माती परीक्षण अहवाल काल हाती आला. त्यात लिहिलंय, दीड मीटरवर जांभा दगड लागला. आमच्या खाली जांभा नाही हो! तिथं खाजण होतं. भरतीचं पाणी चढायचं, आम्ही पोरं चिखलात चिंबोऱ्या धरायचो. पुढं डंपरनं मुरूम पडला, त्यावर पाच मजले चढले. हा अहवाल वर सड्यावरच्या, म्हणजे माथ्याच्या कातळावरच्या, कुठल्या तरी जागेचा आहे.

‘म्हणून काय बिघडलं?’ असं मला कार्यालयाच्या खिडकीवर विचारलं गेलं.

११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. मी सात वर्षांची होते. सड्यावर मामाच्या घराची चार कौलं सरकली, आणि खाजणाला लागून असलेल्या आमच्या घराची मागची भिंत आडवी झाली. मध्ये अंतर जेमतेम कोसभर. कारण मला पुढं भूगोल शिकवताना कळलं. दगडातून वेगानं आलेली लाट मऊ गाळात शिरली की मंदावते आणि तिची झेप वाढते. गाळाच्या थराला स्वतःचा झोका असतो, एकदा हलून परत यायला ठरावीक वेळ लागतो. इमारतीलाही असतो, ढोबळमानानं मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग. म्हणजे पाच मजल्यांना अर्धा सेकंद. वीसेक मीटर मऊ गाळाचा झोकाही तेवढाच असू शकतो. दोन्ही जुळले की पाळण्याला नेमक्या वेळी ढकलत राहावं तसं होतं. १९८५ साली भूकंप झाला साडेतीनशे किलोमीटरवर, आणि जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेल्या मेक्सिको सिटीत सहा ते पंधरा मजली इमारती कोसळल्या. २००१ साली भुज हादरलं तेव्हा दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत तळमजला पार्किंगला मोकळा ठेवलेल्या इमारती बसल्या. आमचाही तळमजला मोकळाच आहे, नुसते खांब.

आपल्याच देशाचं भूकंपरोधक बांधकामाचं मानक, आय. एस. १८९३ (२०१६ ची आवृत्ती), मऊ मातीवर भूकंपाचा जोर कठीण दगडाच्या १.६७ पटीपर्यंत धरायला सांगतं. दगडाचा अहवाल जोडला की तो हिशेबच पुसला जातो. आमच्या खांबांतली सळई कुठल्या आकड्यावर ठरली?

यजमानांचा सगळा फंड या घरात गेला. त्यांना अर्धांगवायू झालाय आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. घाटापलीकडून जरा हादरा आला की ते माझा हात धरतात. त्यांना जिन्यानं खाली कोण नेणार? २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी याच खांबांना लागून होतं, तेव्हाही पाहणी झाली, फोटो निघाले, सगळे गेले. बांधणारा परवानगी दाखवतो, परवानगी देणारा अहवाल दाखवतो, अहवालावरची सही वाचता येत नाही. पूर असो, दरड असो, कोकणातल्या माणसाला तुम्ही मेल्यावरच मोजता. मदतीचा धनादेश तत्पर असतो, माती तपासायला जमिनीत बोअर घ्यायला मात्र कुणाला सवड नसते!

दिल्लीचं, जबलपूरचं भूकंपासाठी सूक्ष्म सर्वेक्षण झालं. आमच्या खाडीकाठच्या गावांचं करा. सडा कुठं संपतो, भराव कुठं सुरू होतो, गाळ किती खोल आहे, हे नकाशावर येऊ द्या. भरावावरच्या प्रत्येक इमारतीचा अहवाल त्याच जागेच्या बोअरशी ताडून बघा.

सुरुवात आमच्यापासून करा. मशीन पाठवा, जुनं खाजण कुठवर होतं ते मी उभी राहून दाखवते.

आपली,
खाडीकाठची एक निवृत्त शिक्षिका