विन्या, ती पैज आता सोडून दे

पुणे, रविवार

प्रिय विन्या,

तुझ्या पैजेच्या दिवशी माझा भाऊ बापू पाण्यात गेला, पण पाण्यामुळे गेला नाही, असं मला आता वाटायला लागलंय. हे घरात कुणाला सांगू? ज्यांना कळलं असतं ते आबा-आई दोघंही नाहीत. शैला तेव्हा पाळण्यात होती. उरलास तू.

तब्येतीचं आधी उरकतो. माझी शुगर ठीक, हिची कंबर अधूनमधून. झालं.

माझा नातू, मुक्ताचा ईशान, मे महिन्यात पोहता पोहता तलावात गप्प झाला. कोच जवळ होता, त्याने लगेच बाहेर काढलं, छाती दाबली, पोरगं परत आलं. आधी सगळे फीट म्हणत होते. बापूलाही शाळेच्या शर्यतीत पडल्यावर फीटच म्हणाले होते आणि गोळ्या दिल्या होत्या, आठवतंय? आई दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायला लागली ती तेव्हापासून. पण ईशानच्या डॉक्टरबाईंनी ईसीजी नीट मोजला. ठोका पडल्यावर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो, त्याला ते क्यूटी म्हणतात. ईशानचा निघाला ४९० मिलिसेकंद, म्हणजे लांबलेला. या आजाराचं नाव लाँग क्यूटी. मग रक्त तपासलं. केसीएनक्यू१ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल. मुक्तात तोच, माझ्यात तोच.

माझा क्यूटी किती, विचार. ४३०. अगदी नॉर्मल. सांगलीच्या आयर्विन पुलाखालून कृष्णेचे दोन्ही काठ करणारा मी, आयुष्यात एकदाही चक्कर आली नाही. एकाच अक्षराने बापूला नेलं असेल, ईशानला जवळजवळ नेलंच होतं, आणि मला साधं शिवलंही नाही. हे डोक्यातून जातच नाही.

डॉक्टरबाईंना मी इतकं छळलं की शेवटी त्यांनी कागद घेऊन चित्र काढलं. हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जायला दारं असतात. एकेक दार चार फळ्यांचं. आईच्या आणि बापाच्या जनुकातून मिळून या फळ्या तयार होतात. काही बदलांत वाईट जनुकातून फळीच तयार होत नाही. मग दारं निम्मी होतात, पण आहेत ती धड असतात. आमच्या बदलात वाईट फळी तयार होते आणि चांगल्या फळ्यांबरोबर बसते. प्रत्येक फळी चांगली असण्याची शक्यता निम्मी, म्हणून चारही चांगल्या असलेलं दार सोळातलं एकच. या दारांची गरज पडते ती ठोका वाढल्यावर, धावताना, घाबरल्यावर आणि सगळ्यांत जास्त पोहताना. दुसऱ्या जनुकांच्या लाँग क्यूटीत माणूस घड्याळाच्या गजराने किंवा झोपेतसुद्धा जातो. आमचा प्रकार पाण्याचा.

मी म्हटलं, बाई, सोळातलं एकच दार तर माझ्यातही आहे की! त्या हसल्या. म्हणाल्या, आजोबा, हाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेत विचारला गेला. तिथे अठराव्या शतकातल्या एका जोडप्यापासून वाढलेली बरीच घराणी आहेत, सगळ्यांत याच जनुकातला एकच बदल, आणि तो फार वाईट. बहुतेकांना त्रास झाला. पण त्यातही काही जण म्हातारे होईपर्यंत ठणठणीत राहिले. तेव्हा शोधणाऱ्यांनी बाकीची जनुकं तपासली आणि २००९ मध्ये एनओएस१एपी नावाचं जनुक हाती लागलं. त्याची ठरावीक रूपं ज्यांच्यात होती, त्यांचा क्यूटी जास्त लांबलेला, त्रासही जास्त. हीच रूपं हा बदल नसलेल्या, तुझ्यासारख्या धडधाकट माणसांतही असतात, तिथे नुसता क्यूटी किंचित हलवतात. ज्यांचा बसल्या जागचा ठोका मुळात सावकाश, तेही बरेचसे वाचले होते. माझी नाडी तुला माहीतच आहे. कॅरमच्या फायनललाही साठीच्या वर गेली नव्हती. (तो स्ट्रायकर अजून तुझ्याकडेच आहे.)

आणखी एक. जनुकाची वाईट प्रत आमच्याकडून आली, पण जोडीची चांगली प्रत कशी आहे, ती किती जोरात काम करते, यावरही बरंच ठरतं. ईशानची चांगली प्रत जावयांकडची. मुक्ताच्या सासूबाई 'तुमच्या घराण्यातलं दुखणं' असं दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा मी शांतपणे सांगितलं की निम्मा हिशेब तुमच्या बाजूलाही आहे. हिने मला स्वयंपाकघरात नेऊन झापलं. पण मुक्ता त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

आता ऐक, यात तुझाही हात आहे. मामाच्या कुसुमचाही रिपोर्ट तोच आला. म्हणजे हे आईकडून आलं. विहिरीचं पाणी ओढत ऐंशी पार केलेल्या आईकडून! आणि आईचा किती हट्ट होता कुसुमला सून करायचा. तू मधे पडलास, हिची चिठ्ठी मला आणून दिलीस, आईने तुला वर्षभर चहा विचारला नाही. माझं कुसुमशी लग्न झालं असतं तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता होती दोन्ही प्रती वाईट मिळण्याची. अशी मुलं जन्मतः बहिरी असतात, आणि हा आजार त्यांच्यात सगळ्यांत भयंकर. १९५७ मध्ये नॉर्वेच्या डॉक्टरांनी अशाच एका घरातली मुलं पाहून हे पहिल्यांदा लिहिलं. आई असती तर तिला सांगितलं असतं, विन्याला चहा दे.

ईशानचं म्हणशील तर प्रोप्रॅनोलॉल चालू आहे, एकही डोस चुकवायचा नाही. या प्रकारात ते औषध चांगलं चालतं. पोहणं बंद. त्यावरून रोज रडारड. उलटीची आणि अँटिबायोटिकची काही औषधं आम्हा कुणालाच चालत नाहीत, यादी फ्रिजवर लावलीय.

खरी झोप उडालीय ती नात सईवरून. चार वर्षांची. बदल तिच्यातही आहे, ईसीजी मात्र जवळजवळ माझ्यासारखा. ती माझ्यावर जाईल की बापूवर? मुलग्यांना या प्रकारात धोका लहानपणी जास्त, मुलींना तो वयात आल्यावरही राहतो. आता म्हणे अनेक जनुकांचा एकत्र हिशेब मांडून अंदाज काढायचे प्रयत्न चाललेत, पण एका मुलीबद्दल ठाम सांगता येईल इतकं ते अजून पुढे गेलेलं नाही. औषध तिलाही सुरू केलंय. ती माझ्या मांडीवर येऊन बसते आणि मी नकळत तिची नाडी धरतो. हिने परवा माझा हात काढून घेतला.

विन्या, पैजेचं. आबांनी घाटावर सगळ्यांसमोर तुला जे म्हटलं, ते मी विसरलो नाही, तूही नसशील. त्यानंतर सांगलीला आलास तरी कृष्णेकडे फिरकत नाहीस. बापू तुझ्या पैजेशिवायही रोज सकाळी उतरायचाच. तुझी पैज नसती तर दुसरा कुठला दिवस असता. बापूचं रक्त आता कुठून आणायचं, त्यामुळे कागदावर हे कधीच सिद्ध होणार नाही. पण माझी खात्री झालीय.

एक काम कर. डॉक्टरबाईंना घराण्याचा तक्ता पुरा करायचाय. बापूला शेवटचं तूच पाहिलंस. तो हात मारत होता का, ओरडला का, की पोहता पोहता एकदम थांबला? बुडणारा माणूस बहुधा धडपडतो, हा आजार असलेला पोहता पोहताच बेशुद्ध होऊ शकतो, असं त्या म्हणाल्या. तुला हे आठवणं जड जाईल, तरी लिही. फोनवर नको, फोनवर तू विषय बदलतोस.

गुडघ्याचं ऑपरेशन केलंस म्हणे, वहिनींकडून कळलं. अमितचं नागपूरचं घर झालं का? भडंग पाठवतोय, अर्धं वहिनींना दे.

तुझा,
मध्या