‘छिद्र बुजवलं’, पुढं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात लहान मुलांच्या मोफत हार्ट ऑपरेशनची बातमी फोटोसकट आली, वाचून बरं वाटलं. फक्त सगळ्या पोरांना ‘हृदयाला छिद्र’ असं लिहून मोकळं होऊ नका, काहींचं दुखणं व्हॉल्व्हचं, म्हणजे हृदयातल्या झडपेचं असतं आणि ते ऑपरेशननंतर पण संपत नाही.

माझ्या मुलीला जन्मतः एव्ही कॅनाल होता. म्हणजे हृदयाच्या मधोमध छिद्र आणि दोन व्हॉल्व्हच्या जागी एकच मोठा, तोही लीक. दूध पिताना कपाळाला घाम यायचा, धाप लागायची, वजन वाढत नव्हतं, आजी म्हणायची नजर लागली. पाचव्या महिन्यात ऑपरेशन झालं, जेमतेम साडेचार किलोची होती. डॉक्टरांनी पॅच लावून छिद्रं बंद केली, त्या एका व्हॉल्व्हचे दोन केले अन् डाव्या बाजूच्या व्हॉल्व्हमधली फट टाके घालून शिवली.

पाहुणेरावळे अजून विचारतात, नवीनच का नाही बसवला, कटकट मिटली असती. अहो, एवढ्या बाळाच्या मापाचा व्हॉल्व्ह मिळायची मारामार, मिळाला तरी पोरगी वाढते आणि तो तेवढाच राहतो, मग परत छाती उघडा. त्यात मेटलचा असला की रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि त्यासाठी सारखी रक्ततपासणी, प्राण्याच्या टिश्यूचा असला तर लहान मुलांत तो लवकर कडक होऊन खराब होतो. स्वतःचा दुरुस्त केलेला व्हॉल्व्ह मुलीबरोबर वाढतो, म्हणून होईल तेवढं रिपेअरच बघतात.

पण रिपेअर केलेला व्हॉल्व्ह पुढं परत लीक होऊ शकतो, म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत राहावं लागतं. खरं रडगाणं इथंच आहे. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, पण नंतरच्या इकोला रात्रभर एसटीने पुण्याला जायचं, दुकान दोन दिवस बंद, मुलगी इकोच्या टेबलावर रडून रडून निम्मा दिवस जातो. जिल्ह्याच्या गावात इको होतो, पण मोठ्या माणसांचा, लहान मूल बघितलं की पुण्यालाच न्या म्हणतात. आमच्याच वॉर्डातल्या एका जोडप्याने ‘आता पोरगं खेळतंय की’ म्हणून जाणंच सोडलं. दात किडला तरी त्यातला जंतू रक्तातून व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतो, दाताच्या डॉक्टरला आधी हार्टचं सांगायचं असतं, हे आम्हाला पण उशिरा कळलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, अंगणवाडीत गाडी येते, पोरं शोधून ऑपरेशनला पाठवतात, चांगलंच आहे. तसंच ऑपरेशन झालेल्या पोरांची यादी घेऊन महिन्यातून एक दिवस लहान मुलांचा हार्टचा डॉक्टर जिल्हा रुग्णालयात बसवा, मशीन तर तिथं आहेच. तुम्ही एवढं लावून धरा. आमचा पुढचा इको दिवाळीनंतर आहे, तोवर सुरू झालं तर पहिला नंबर आमचा लावा.

– एक बाप, ता. माजलगाव, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती)