गंजिफा बघायच्या की नुसत्या ओलांडायच्या?

मा. संपादक,

कॉलेजांच्या सहली सावंतवाडीच्या राजवाड्यात येतात हे चांगलंच आहे. पण येतात कशा आणि जातात कशा, त्याबद्दल हे पत्र.

परवा भाचीला घेऊन राजवाड्यात गेले होते. ती सावंतवाडीतच शिकते, रोज राजवाड्यासमोरच्या मोती तलावावरून ये-जा करते, तरी आत पाऊल ठेवलं ते माझ्या आग्रहाने. दरबार हॉलमध्ये एक ताई गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवत बसल्या होत्या. कुंचला जागच्या जागी. डाव्या चिमटीतला गोल पत्ताच हळूहळू फिरत होता आणि कडेला वेलबुट्टी उमटत होती. तेवढ्यात एका कॉलेजची बस आली. पन्नासेक मुलं, मोबाइल वर, फोटो, आणि सरांची हाक, "चला, आंबोलीला उशीर होतोय!" ताईंनी मानसुद्धा वर केली नाही. सवय असावी.

त्या मुलांना काय बघायचं राहिलं? दशावतारी गंजिफाच्या संचात 120 पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा: एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. परशुरामाची खूण परशू, मत्स्याची मासा. दिवसा खेळायला बसलात तर डावाची सुरुवात रामाने, रात्री कृष्णाने. त्यातही गंमत अशी की पहिल्या पाच अवतारांत दश्शी भारी आणि पुढच्या पाचांत एक्का! मेंढीकोटात मुरलेली आमची भाची इथे दोनदा गोंधळली आणि मग नियम शिकल्याशिवाय उठायचंच नाही म्हणून हटून बसली.

ही कला बुडायच्या बेतात होती. 1970च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी चितारी घराण्यातल्या एका वृद्ध कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली, म्हणून आज ती राजवाड्यात डोळ्यांसमोर घडताना दिसते. एरवी आपण जुन्या वस्तू काचेआड बघतो, इथे तर करणारा हातच समोर आहे.

सहली नेणाऱ्या प्राध्यापकांना माझं सांगणं एवढंच की, एका दिवसात राजवाडा, आंबोली आणि वर वेंगुर्ल्याचा समुद्र कोंबू नका. मी वेंगुर्ल्याचीच, समुद्र कुठे पळून जात नाही. सकाळ राजवाड्याला द्या. चार-चार मुलांचे गट करून कारागिरांजवळ बसवा, हातातलं काम न अडवता प्रश्न विचारू द्या. दुपारी जवळच्या पिंगुळीला जा. तिथे परशुराम गंगावणे यांनी (त्यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली) आपल्या गोठ्यातच ठाकर समाजाच्या कलांचं संग्रहालय उभं केलंय. चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या दोन्ही बघता येतील. आणि येताना एखादा गंजिफाचा संच कॉलेजच्या जिमखान्यासाठी विकत घ्या. कॅरमच्या शेजारी ठेवा. नियम शिकवायला आमची भाची तयार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले