शनिवारचं सत्र : जात, धर्म, भाषा आणि समुपदेशन

प्रशिक्षणार्थी मित्रमैत्रिणींनो, शनिवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या वर्गात जमायचं आहे. एका केसची टिपणं आणा, नाव-गाव खोडून.

मागे एका नोंदीत ‘भास होतात’ एवढंच लिहिलं होतं. त्या बाईंचे शब्द होते, ‘माझ्या अंगात देवी येते.’ कधी येते, तेव्हा घरचे काय करतात, बाईंना स्वतःला त्याचा त्रास होतो का, हे विचारलंच गेलं नव्हतं. कृपया समोरच्याचे शब्द जसेच्या तसे टिपत जा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम १८ वाचून या. जात, धर्म, संस्कृती, लैंगिक कल यांवरून उपचारात भेदभाव करता येत नाही. आडनाव ऐकताच आपल्या मनात काय येतं, यावर सगळ्यांनी बोलायचंय. सुरुवात मी करेन.